भाच्याला तुरुंगाऐवजी केंद्रात टाका म्हणता, पण आधी हे वाचा

सोलापूरच्या एका गृहस्थांनी विचारलंय. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन विषय बॅकलॉग. खोलीवर पोलीस आले, कपाटात ४० ग्रॅम गांजा सापडला. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला, केस चालू आहे. त्यांचं म्हणणं असं: ‘मारामारी नाही, चोरी नाही, अशा पोरांना तुरुंगाची भीती घालण्यापेक्षा सरकार सक्तीने व्यसनमुक्ती केंद्रात का टाकत नाही? तसा कायदा का नाही? आणि तोवर आम्हीच त्याला सहा महिने एखाद्या केंद्रात ठेवावं का?’

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. व्यसनमुक्तीच्या कामात २२ वर्षं गेली, आणि पेशंटचे रिपोर्ट द्यायला कोर्टाच्या पायऱ्याही बऱ्याच झिजवल्या. वकील नाही. कायद्याचं जे सांगते ते पेशंटांच्या केसमधून शिकलेलं आहे, तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या.

पहिली गोष्ट, कायदा आहे. अमली पदार्थांचा आपला मुख्य कायदा १९८५ चा, एनडीपीएस. त्यातलं कलम ३९ असं: व्यसनी माणूस सेवनाच्या गुन्ह्यात किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर न्यायाधीश त्याला लगेच तुरुंगात न पाठवता बंधपत्र घेऊन उपचारासाठी सोडू शकतात. जास्तीत जास्त वर्षभरात उपचाराचा रिपोर्ट कोर्टापुढे ठेवायचा. तो समाधानकारक वाटला तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर मोकळं करायचं. दुसरं, कलम ६४ अ. हे त्याहून उदार. आरोप ठेवलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटलाच चालवायचा नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येतं. ‘येतं’ म्हटलंय, ‘घ्यावंच’ असं म्हटलेलं नाही. या एका क्रियापदावर माझे दोन-तीन पेशंट तरले आहेत.

अल्प प्रमाण म्हणजे किती तेही ठरलेलं आहे. गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन म्हणजे गर्द ५ ग्रॅम, कोकेन आणि एमडी (मेफेड्रोन, कारखान्यात बनणारी रासायनिक नशा) २-२ ग्रॅम. तुमच्या भाच्याचे ४० ग्रॅम त्यात कुठल्या कुठे बसतात. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता दोन्ही कलमांत एक गोष्ट बघा. ३९ मध्ये आरोपीची संमती लागते. ६४ अ मध्ये तो स्वेच्छेने आलेला हवा. म्हणजे तुरुंगाऐवजी उपचार ही सोय आपल्याकडे आहे, सक्ती मात्र नाही. आणि माझं मत विचाराल तर ती नसलेलीच बरी. का, ते सांगते. पण आधी, ही असलेली सोय वापरली का जात नाही ते बघू.

एका सकाळी कोर्टात माझ्या पेशंटच्या नंबराची वाट बघत बसले होते. आधीच्या नंबराला चार पोरं उभी. गांजा ओढताना पुलाखाली धरलेली. वकील चौघांत मिळून एक. ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘हो साहेब.’ दंड. बाहेर येऊन पैसे भरले, पावती घेतली, संपलं. दहा-अकरा मिनिटं लागली असतील. त्यातल्या एकाने तिथेच व्हरांड्यातून आईला फोन लावला आणि सांगितलं, ट्रिपल सीटची पावती फाडली गं.

आता त्या पोराला मी जाऊन म्हटलं असतं, की बाबा रे, कबूल करू नकोस, ६४ अ खाली अर्ज कर, मग सरकारमान्य केंद्र शोध, डॉक्टरचा दाखला आण, महिनोन्महिने उपचार घे, रिपोर्ट दे आणि तारखांना ये, तर तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला असता. दंड भरून मोकळं होणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. पोलिसांची केस निकाली, वकिलाची फी वसूल, कोर्टाचं बोर्ड हलकं. त्याला कुणी सांगत नाही की कबुली म्हणजे शिक्षाच. पुढे पासपोर्ट, सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी, सगळीकडे ती ‘पावती’ वर येते. पुन्हा सापडला तर ‘पूर्वी दोष सिद्ध झालेला’ म्हणून उभा राहतो. तुमचा भाचा हे करणार असेल तर थांबवा. आधी चांगल्या वकिलाशी बोला.

दुसरी अडचण कागदाची. दोन्ही कलमं ‘व्यसनी’ माणसासाठी आहेत, आणि कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेला. हे सिद्ध करायला मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी हवी, आणि ती लवकर हवी. गर्दवाल्याला रात्री दहाला धरला तर सकाळपर्यंत त्याची टर्की सुरू होते. पेशंटांच्याच भाषेत टर्की म्हणजे विड्रॉवल. एकामागून एक जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय एका जागी ठरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाईट, आणि आठवड्याभरात शरीर बऱ्यापैकी शांत होतं. त्या तीन दिवसांत डॉक्टरने बघितलं तर दाखला डोळ्यांसमोर असतो. पण त्या तीन दिवसांत तो लॉकअपमध्ये असतो. एकदा एका हवालदारांनी मला फोनवर सांगितलं होतं, ‘मॅडम, रात्रभर नाटक करतोय, चादरीत गुंडाळून बसलाय आणि साखर मागतोय.’ मी म्हटलं, साखर द्या आणि ससून रुग्णालयात न्या. त्यांनी नेलं. हे त्यांचं काम नव्हतं, पण नेलं. महिनाभराने कोर्टात आलेला तोच माणूस इतका ठणठणीत दिसत होता की सरकारी वकिलांनी विचारलं, हा व्यसनी कशावरून? तेव्हा त्या रात्रीचा ससूनचा केसपेपर कामाला आला.

गांजाचं तसं होत नाही. चादरीत गुंडाळून बसण्याइतकं काही दिसत नाही. चिडचिड, झोप नाही, भूक नाही, एवढंच. आणि इथे मी तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते.

तुम्ही धरून चाललाय की भाच्याला व्यसन आहे. असेल. नसेलही. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या व्यसनोपचार केंद्राकडून केलेलं देशव्यापी सर्वेक्षण आलं. त्यात भांगेसकट गांजा-चरस घेणारे ३.१ कोटी निघाले. त्यांतले उपचाराची किंवा मदतीची गरज असलेले किती? सुमारे ७२ लाख. म्हणजे चारातला एकही पुरता नाही. अफू-गर्द-वेदनाशामक गोळ्या या गटात २.२६ कोटींपैकी सुमारे ७७ लाख, तिघांतला एक. आता सगळ्यांना सक्तीने केंद्रात टाका असा कायदा केलात, तर गांजातल्या दर चौघांपैकी तिघं असे जातील ज्यांना आजारच नाही. ते कुणाच्या शेजारच्या खाटेवर झोपतील? गर्द आणि एमडीवाल्यांच्या. केंद्रात दिवसभर काय चालतं? गोष्टी सांगणं. कुठे मिळतं, कसं घेतात, कोण आणतो. मी एका पोराला दहा दिवसांत ‘बटण’ आणि ‘कुत्ता गोळी’ या नशेच्या गोळ्यांतला फरक समजावून सांगताना ऐकलंय. तो आला होता फक्त गांजासाठी, आईच्या आग्रहाखातर. त्याला दर आठवड्याला तास-दीड तास समोर बसवून बोलणं पुरलं असतं.

पोर्तुगालचं उदाहरण या चर्चेत हमखास येतं, आणि हमखास चुकीचं सांगितलं जातं. तिथे २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा उरला नाही. सापडलेल्याला पोलीस एका छोट्या समितीपुढे पाठवतात. कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांतली माणसं, कोर्टाचा डामडौल नाही. ती समिती आधी एकच गोष्ट ठरवते, हा अवलंबून आहे की नाही. नसेल तर बहुतेक वेळा प्रकरण तहकूब ठेवून घरी पाठवतात. असेल तर उपचाराकडे वळवतात, पण बांधून नेत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, वळवायला तिथे उपचारांची सोय उभी होती. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२० च्या मतदानात गुन्हा काढून टाकला, पण सोय मागाहून आणि रडतखडत आली. २०२४ मध्ये गुन्हा परत आणावा लागला.

दुसऱ्या टोकाला चीन, व्हिएतनाम. तिथे सक्तीची केंद्रं आहेत, भिंतीआड, महिनोन्महिने, काम करून घेणारी. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी मिळून अशी केंद्रं बंद करा असं निवेदन काढलं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सक्तीच्या विरोधात बोलताय, पण तुमच्याकडे स्वतःहून कोण येतं? खरंय. बावीस वर्षांत मनापासून, कुणीही न ढकलता आलेले पेशंट मी बोटांवर मोजेन. कुणाला बायको माहेरी निघून गेली म्हणून, कुणाला कंपनीने शेवटची नोटीस दिली म्हणून, कुणाला वडिलांनी दुकानाच्या गल्ल्यावरून उठवलं म्हणून. त्यात कोर्टाचा धक्का आणखी एक. तो मला चालतो. उलट चांगला चालतो, कारण बायको परत येते, बाप विरघळतो, कोर्टाची तारीख मात्र ठरल्या दिवशी येतेच.

असाच एकजण कोर्टाकडून आला होता. गॅरेजमध्ये काम करणारा, तिशीचा, आठ वर्षं गर्द. पहिले दोन महिने त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, कागद कधी मिळेल?’ ग्रुपमध्ये भिंतीला टेकून बसायचा. ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दऐवजी डॉक्टर देतात त्या औषधाची गोळी जिभेखाली ठेवून, विरघळेपर्यंत नर्ससमोर गप्प बसायचं, मग सही, मग कामावर. तिसऱ्या महिन्यात घसरला. मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं, लपवलं नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं, की घसरणं हा आजाराचा भाग आहे, उपचार चालू आहेत, पेशंट येतोय. न्यायाधीश बाईंनी वाचलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘काल गोळी घेतली का?’ ‘हो.’ ‘आज?’ ‘इथून गेल्यावर.’ ‘मग जा, उशीर नको.’ पुढची तारीख सहा आठवड्यांनी. त्या दिवशी त्यांनी संरक्षण काढून घेतलं असतं तर कायद्याने चूक नव्हतं. तो त्यानंतरही एकदा घसरला. केस संपून काही वर्षं झाली, अजून दिवाळीला गॅरेजचं कॅलेंडर आणून देतो, आणि गोळी अजून चालू आहे.

सक्तीवाल्यांचं आणि माझं जमत नाही ते इथे. सक्तीच्या आदेशात साधारणपणे दोन गोष्टी असतात: इतके महिने आत राहा आणि काहीही घेऊ नका. गर्दच्या पेशंटसाठी दोन्ही घातक ठरू शकतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन म्हणजे ‘एक नशा सोडून दुसरी’, असं नातेवाईक म्हणतात, कधी साहेबलोकही म्हणतात. पण ज्याला ती गोळी मिळते तो कामावर जातो, सुई टोचत नाही, आणि जगतो. ज्याला तीन महिने नुसतं कोंडून कोरडं ठेवलं त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन तो जुन्याच सवयीने जुनीच मात्रा घेतो. तुरुंगातून सुटलेल्यांत पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरणाऱ्यांचं प्रमाण अनेक पटींनी जास्त असतं, हे परदेशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. केंद्राच्या गेटाबाहेरही शरीर तेच असतं. आम्ही गेलेल्या पेशंटच्या घरी जातो तेव्हा आई सांगते, ‘चांगला जाडजूड होऊन आला होता हो.’ तेव्हा मला काही बोलायला सुचत नाही.

केंद्रांबद्दलही बोललं पाहिजे. पुण्यात येरवड्याच्या परिसरात मध्यवर्ती कारागृह, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मुक्तांगण अशी तिन्ही आहेत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने, मनोरुग्णालयाच्या आवारातल्याच एका इमारतीत. गर्द तेव्हा शहरात नवं होतं. पेशंटला माणूस म्हणून वागवायचं, हे महाराष्ट्रात अनेकांनी तिथून घेतलं. मीही. पण सगळीकडे तसं नाही. एका केंद्रात, नाव घेत नाही, मी एका पेशंटला भेटायला गेले. खिडक्यांना आतून जाळी, एका हॉलमध्ये चाळीस गाद्या, डॉक्टर ‘येऊन जाऊन’. फोन केला की गाडी येते, चार जण येतात, झोपेतून उचलून नेतात, आणि बिल महिन्याचं आगाऊ. माझा पेशंट जाळीतून मला म्हणाला, ‘मॅडम, यापेक्षा जेलात तारीख तरी असते.’ सक्तीचा कायदा उद्या आला तर हजारो माणसं कुठे जातील, याचा विचार करताना मला तो हॉल आठवतो. चांगली केंद्रं आधीच भरलेली असतात.

आणि असं उचलून नेणं बेकायदा आहे, हे बहुतेक घरांना माहीत नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळे होणारे मानसिक आजारही येतात. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर आजार गंभीर हवा. त्याने नुकतीच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केलेली किंवा धमकावलेलं असावं, किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच गेलेली असावी. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासायचं, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. साखळीने बांधायला बंदी आहे. ४० ग्रॅम गांजा आणि तिसऱ्या वर्षाचे दोन बॅकलॉग यांतल्या कशातच बसत नाहीत.

‘अहिंसक’ या शब्दाबद्दल थोडं. एनडीपीएसमध्ये हिंसक-अहिंसक अशी वर्गवारी नाही, तिथे काटा बोलतो. आणि काट्यावर माती-मसाल्यासकट सगळं चढतं. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. गर्दच्या पुडीत खरा माल थोडा आणि भेसळ फार. चार मित्रांनी पैसे काढले आणि एकजण सगळ्यांच्या पुड्या घेऊन आला, वजन सहा ग्रॅम भरलं, की तो अल्प प्रमाणाच्या बाहेर. मग शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि ३९, ६४ अ दोन्ही दारं बंद. त्याने विकलं का? मित्रांना दिलं म्हणजे विकलंच, असं पोलीस म्हणतील. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात एमडी बनवणारे आणि हा, दोघं एकाच कायद्यात. शिवाय माझे जे पेशंट खरोखर तुरुंगात जाऊन आलेत, त्यांतले बरेच एनडीपीएसमध्ये गेलेच नव्हते. मोबाइल चोरी, सायकल चोरी, बांधकामावरचं लोखंड. टर्की टाळायला केलेल्या चोऱ्या. त्यांना कुठल्याही कोर्टात कुणी व्यसनाबद्दल विचारलं नाही. सुधारणा करायचीच असेल तर मी इथून सुरू करीन: दर दंडाधिकारी कोर्टात एक समुपदेशक, आणि पहिल्या हजेरीलाच प्रश्न, काय घेतोस, किती दिवस. मायामीत १९८९ पासून चालू असलेल्या ड्रग कोर्टांत, म्हणजे व्यसनी आरोपींसाठीच्या खास कोर्टांत, बघण्यासारखं हेच आहे. तोच न्यायाधीश, थोड्या थोड्या दिवसांनी, नावानिशी विचारपूस. अमेरिकेत तुरुंगाची तलवार वर टांगलेली असते, ती आपल्याकडे आणायची गरज नाही.

आता भाचा. त्याला उचलून नेऊ नका आणि सहा महिन्यांचं काही बोलू नका. सेमिस्टर जाईल, आणि तुमच्यावरचा विश्वासही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत एकदा तपासून घ्या, सोबत जा पण आत त्याला एकट्याला जाऊ द्या. रोज ओढतो का, सकाळी उठल्याउठल्या लागतं का, थांबवायचा प्रयत्न करून जमलं नाही का, दुसरं काही घेतो का, भास होतात का, हे डॉक्टर विचारतील. अवलंबित्व निघालं तर केसपेपर जपून ठेवा, वकिलाला ६४ अ बद्दल विचारा, आणि उपचार बाह्यरुग्ण म्हणून, कॉलेज चालू ठेवून होतात का ते बघा. बहुतेक वेळा होतात. नाही निघालं तर ६४ अ लागू नाही, मग केस तिच्या गुणदोषांवर लढायची, वकिलाचं काम. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फुकट.

आणि तपासणीला निघताना त्याच्या आईला सांगा, रिक्षात विषय काढायचा नाही.